लोणार पायांनी बघावं

लोणारला जाणारे बरेच जण लोणार न बघताच परततात. गाडी थेट काठापर्यंत पोचते, कठड्याशी उभं राहिलं की खाली वाटोळं हिरवट पाणी दिसतं, फोटो निघतात, चहा होतो आणि गाडी शेगावच्या नाहीतर सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागते. सगळं मिळून अर्धा तास. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्कापातानं झालं आहे, एवढं तर शाळेच्या पुस्तकानंच सांगितलेलं असतं. वरून त्याचा गोल आकार दिसला, की पुस्तकातलं वाक्य खरं ठरल्याचं समाधान मिळतं आणि माणूस वळतो.

पण ते नुसतं चित्र झालं. काठापासून पाण्यापर्यंतचा उतार साधारण एकशे पस्तीस मीटरांचा आहे, आणि लोणारचं जे काही नवल आहे ते या उतारात आहे. गोडं पाणी आणि खारं पाणी, आडव्याचे तिरपे झालेले कातळाचे थर, उतारागणिक बदलत जाणारी झाडी, वासाची हवा, क्षारानं पांढरी पडलेली माती. हे सगळं तासाभराच्या चालण्यात एकामागून एक सामोरं येतं. महाराष्ट्रात पाण्याकाठी हिंडण्यासारख्या जागा कितीतरी आहेत. भंडारदऱ्याचा जलाशय आहे, कासचा तलाव आहे, कोयनेचा शिवसागर आहे. तिथे चालावं ते देखाव्यासाठी, मोकळ्या हवेसाठी. लोणारला चालावं ते ही जागा समजून घेण्यासाठी, कारण तिचा अर्थ उतरल्याशिवाय लागत नाही.

सुरुवात काठावरच्या दगडापासून करावी. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाच्या डोळ्यांना एक सवय झालेली असते. कोणताही डोंगर बघा, कातळाचे थर आडवे, एकावर एक रचलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लोंढा आला. असे कित्येक लोंढे साचून दख्खनचं पठार झालं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो की वेरूळची लेणी, सगळीकडे हेच आडवे थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीची पट्टी दिसते. आधीचा लाव्हा थंड होऊन त्याची माती व्हायला लागली आणि तिच्यावर पुढचा लोंढा येऊन ती भाजली गेली, असा त्या पट्टीचा अर्थ.

लोणारच्या काठावर ही सवय मोडते. इथेही तोच काळा पाषाण, तेच लोंढे, पण वरचे थर आडवे नाहीत. विवराच्या बाजूला ते उचलले गेले आहेत आणि बाहेरच्या बाजूला उतरते झाले आहेत. काही ठिकाणी तर वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसे ते पार उलटे पडले आहेत, खालचा थर वर आणि वरचा खाली. कातळ असा दुमडत नाही. नदी तो कापते, वारा झिजवतो, पाऊस पोखरतो, पण लाव्ह्याचे जाडजूड थर उचलून बाहेर उलथवून टाकणं यातल्या कोणाचंच काम नाही. विवराच्या भिंतीत खालच्या अंगाला पाहिलं, की तेच थर पुन्हा नेहमीसारखे आडवे दिसू लागतात. म्हणजे जे काही झालं त्यानं वरचा काठ तेवढा सोलून बाहेर फेकला.

काठावर उभं राहिल्यावर पायाखाली जे लागतं तेही मूळ जमीन नव्हेच. विवराचा काठ आजूबाजूच्या सपाटीपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. थर उचलले गेल्यानं काही उंची आली आणि बाकीची, आतून उडालेला राडारोडा काठावर साचल्यानं. हा राडारोडा काठापासून साधारण सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत चहूबाजूंना पसरला आहे. लोणार गावातली कितीतरी घरं आणि भोवतालची शेतं त्याच्यावरच आहेत. विहीर खणताना किंवा घराचा पाया घेताना इथे जे दगड लागतात, त्यातले पुष्कळसे एके काळी या विवराच्या पोटात होते.

हा खड्डा कसा झाला, हे कळायला माणसाला दीडशे वर्षं लागली. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली आणि त्यानंतर भूगर्भतज्ज्ञांची रीघ लागली. बहुतेकांचं मत ज्वालामुखीकडे झुकलं. ते अगदीच गैर नव्हतं. सगळं पठारच लाव्ह्याचं, त्यात एक वाटोळा खड्डा, मग दुसरं काय सुचणार? 1896 मध्ये जी. के. गिल्बर्ट या नावाजलेल्या अमेरिकी भूवैज्ञानिकानं अ‍ॅरिझोनातल्या विवराची तुलना लोणारशी केली. दोन्ही खड्ड्यांचं एकमेकांशी साम्य आहे हे त्याला बरोबर दिसलं होतं. मात्र त्यानं निष्कर्ष काढला तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचा. पुढे अ‍ॅरिझोनातलं विवर उल्केचं ठरलं आणि लोणारकडेही नव्यानं बघणं भाग पडलं.

पुरावा अखेर सरोवराच्या तळातून आला. तळात छिद्रं पाडून खालचा दगड वर काढला गेला आणि 1973 मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या दगडात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. त्यांच्यावर हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब क्षणभर आला, तर ते न वितळताच काच होऊन जातात. बाहेरचा आकार स्फटिकाचा तसाच राहतो, आतली अणूंची रचना मात्र पार विस्कटते. ज्वालामुखीत उष्णता कितीही असो, इतका दाब नसतो. जमिनीवर असा दाब येण्याचं एकच नैसर्गिक कारण आहे. आकाशातून अतिवेगानं येऊन आदळलेला दगड.

या काचेची आणखी एक हकिकत आहे आणि ती मला फार आवडते. मॅस्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं ते एका भारतीय अशनीत. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटी इथे एक दगड आकाशातून पडला. 1872 मध्ये त्याचा अभ्यास करताना गुस्ताव चेर्माक या शास्त्रज्ञाला त्यात ही विचित्र काच दिसली. तो दगड मंगळावरून आला होता, हे पुढे शंभरेक वर्षांनी उमगलं. मंगळावर कधीतरी एक आघात झाला, त्या तडाख्यात तिथल्या काळ्या पाषाणात ही काच तयार झाली, तुकडा अवकाशात उडाला आणि भटकत भटकत बिहारमध्ये येऊन पडला. तशाच आघाताची तशीच काच बुलढाणा जिल्ह्यात, जागच्या जागी आहे.

लोणारकडे जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांचं लक्ष असतं ते यामुळेच. पृथ्वीवर आघात-विवरं पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक वेगळ्याच प्रकारच्या खडकांत. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा मोठा पृष्ठभाग लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा आहे. तिथल्या विवरांशी ताडून बघायचं, तर पृथ्वीवरही त्याच पाषाणातलं विवर हवं. अशी विवरं जगात मोजकीच, काही ब्राझीलमध्ये आहेत, पण ती खूप जुनी आणि झिजलेली. काठ शाबूत, वाडग्याचा आकार शाबूत, फेकलेला राडारोडाही जागेवर, असं लोणारइतकं चांगलं टिकलेलं दुसरं नाही. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या मातीत काचेचे बारीक मणी निघाले, तेव्हा त्यांच्याशी तुलनेसाठी लोणारचे मणी घेतले गेले.

मग तो आदळलेला दगड गेला कुठे? गावात हमखास ऐकायला मिळतं, की तो अजून सरोवराच्या तळाशी रुतून बसला आहे. तो तिथे नाही. एवढ्या वेगानं येणारा दगड आदळतो तेव्हा त्याची सगळी गती एका क्षणात उष्णतेत बदलते; तो स्वतः आणि खालच्या कातळाचा काही भाग वितळतो, वाफ होऊन उडून जातो. एक किलोमीटर आठशे मीटर व्यासाचा हा खड्डा पडायला जेमतेम काही सेकंद लागले असतील. येणारा दगड मात्र खड्ड्याच्या मानानं अगदीच लहान, काही दशक मीटरांचा. आज त्याचा माग फक्त रसायनातून लागतो. वितळून गोठलेल्या बारीक मण्यांमध्ये निकेल, क्रोमियम, कोबाल्ट ही मूलद्रव्यं आसपासच्या पाषाणापेक्षा जास्त सापडली आहेत.

लोहचुंबकाची गोष्टही इथेच सांगून टाकतो. काठावरची काळी वाळू चुंबकाला चिकटते आणि ती उल्केचं लोखंड म्हणून दाखवली जाते. चिकटते हे खरं, पण दख्खनमधल्या कोणत्याही ओढ्याची काळी वाळू अशीच चिकटते, कारण आपल्या काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइट भरपूर आहे. लोणारला खऱ्या आश्चर्यांची इतकी रेलचेल आहे, की उसन्या आश्चर्याची गरजच नाही.

वयाचा प्रश्न मात्र खरोखर चक्रावून टाकणारा आहे. काचेतल्या साठलेल्या ऊर्जेवरून काढलेलं वय सुमारे 52 हजार वर्षं आलं आणि अनेक वर्षं तेच पुस्तकांत राहिलं. मग वितळलेल्या खडकातल्या अरगॉन वायूच्या मोजणीतून 5 लाख 70 हजार वर्षं हा आकडा आला. एकाच खड्ड्याची दोन वयं, आणि त्यांत दहापटीहून जास्त फरक! दुसरी पद्धत आघाताचा क्षण अधिक थेट पकडते, म्हणून माझा कल तिकडे आहे. कोणताही आकडा घ्या, एक गोष्ट बदलत नाही. दोन्ही काळांत भारतात दगडाची हत्यारं घडवणारे हात होते. तो लखलखाट कोणीतरी पाहिला असण्याची शक्यता आहे.

आता उतरायला लागू. गावाच्या बाजूनं, म्हणजे ईशान्येकडून उतरणारी वाट सगळ्यांत चांगली. विवराचा जवळपास अखंड असलेला काठ इथेच एका घळीनं फोडला आहे, आणि त्या घळीच्या माथ्यावर गोमुखातून बारमाही झरा पडतो. गावकरी त्याला ‘धार’ म्हणतात. तिथे जुनं देऊळ आहे, कुंड आहे, पाण्याखाली डोकं धरायला माणसं रांगेत उभी असतात. हे पाणी गोड आहे. भोवतालच्या पठारावर मुरलेला पाऊस कातळाच्या भेगांतून वाहत येतो आणि विवराच्या उघड्या पडलेल्या भिंतीतून बाहेर निघतो.

इथे एक छोटासा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर करावा. घरून निघताना कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांना हळदीचं पाणी लावून त्या वाळवून घ्याव्यात. एक पट्टी धारेच्या पाण्यात बुडवायची. ती पिवळी ती पिवळीच राहते. दुसरी खाली सरोवराच्या पाण्यात बुडवायची. बघता बघता ती लालसर तपकिरी होते. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग चढतो, ते ज्या कारणानं, त्याच कारणानं. धारेच्या पाण्याला तेवढी अल्कता नाही. सरोवराच्या पाण्याचा सामू साधारण नऊ ते साडेदहाच्या दरम्यान असतो. दोन्ही पाण्यांमध्ये अंतर एका उताराचं. (पट्ट्या परत पिशवीत टाकून घरी न्यायच्या, तिथे टाकायच्या नाहीत.)

हा चमत्कार होतो कसा? धारेचंच पाणी, पावसाचंच पाणी खाली जाऊन एवढं खारं आणि अल्कधर्मी कसं होतं? विवराचा आकारच याला कारणीभूत आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि काळ्या पाषाणाला हळूहळू विरघळवतं. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात येतात. आपल्या कोणत्याही नदीत हे होतच असतं. फक्त नदी ते सगळं समुद्राला नेऊन देते. लोणारच्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. आत येण्याचे रस्ते अनेक, बाहेर जाण्याचा एकच, आणि तो म्हणजे आकाश. ऊन पाणी तेवढं उडवून नेतं, क्षार मागे ठेवतं. पाणी आटत आटत दाट होतं तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन आधी तळाशी बसतात. शिल्लक राहतं ते सोडियम. हजारो वर्षं हा हिशोब असाच चालल्यावर उरतो तो सोडा. आपला पापडखार ज्या कुळातला, त्याच कुळातले हे क्षार.

माणसानं हे फार पूर्वी हेरलं होतं. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे आणि इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, असं त्यात नमूद आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं, की काठावर क्षाराच्या पापुद्र्यांचे थर उघडे पडत आणि ते गोळा केले जात. त्यांच्या प्रतवारीला दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी खास नावं होती. पुराणकथेत इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूनं त्याचा वध केला. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ त्या कथेवरच उभं आहे आणि पायाखाली दैत्याला घेतलेला विष्णू तिथे बघायला मिळतो. लोणारला आलेल्यानं ते देऊळ चुकवू नये. उतरून आल्यावर, दुपारच्या उन्हात, तिथल्या गाभाऱ्याचा गारवा फार बरा वाटतो.

वाट उतरू लागते तशी झाडी दाटते. काठावरचं विदर्भाचं कोरडं ऊन मागे पडतं. चिंच, कडुनिंब, जांभूळ, सीताफळ, बाभूळ; मधूनच वानरांची टोळी एका फांदीवरून दुसरीवर जाते. मोराची हाक भिंतीवर आपटून परत येते, आणि या वाडग्यात ती नेमकी कुठून आली ते सांगता येत नाही. झाडीच्या आड एकामागून एक जुनी देवळं लागतात. वाघ महादेव, मोर, रामगया. काही पार मोडकळीला आली आहेत, खांब जमिनीवर लोळत आहेत, वडाच्या मुळांनी भिंती धरून ठेवल्या आहेत. हे सगळं यादवकाळाच्या आसपासचं काम. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी एवढे घडीव दगड या खोलात उतरवले, ही गोष्ट चालता चालता पायांना जाणवते तितकी वाचून जाणवत नाही.

पाणी जवळ आलं हे डोळ्यांआधी नाकाला कळतं. काठच्या चिखलात कुजणाऱ्या शेवाळाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. झाडीचा पट्टा एकाएकी संपतो. मोठ्या झाडांना पुढची माती सोसत नाही. मग क्षार सहन करणारी खुरटी झुडपं, मग उघडा, भेगाळलेला, पांढरट चिखल आणि मग पाणी. वाटोळ्या पाण्याभोवती वाटोळे पट्टे, प्रत्येक पट्ट्याची सहनशक्ती वेगळी. वरून हे फक्त हिरव्याच्या छटा म्हणून दिसतं.

आणि पाण्याचा रंग! सरोवर बहुतेक वेळा हिरवं दिसतं ते स्पिरुलिना आणि तिच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवांमुळे. ज्या पाण्यात आपण हातही फार वेळ ठेवू नये, त्यात हे जीव अक्षरशः बहरतात. त्यांना तिथे खाणारे आणि स्पर्धा करणारे कमी. क्षारात आणि अल्कतेतच ज्यांचं जगणं सुखाचं होतं, असे अनेक जिवाणू या पाण्यातून वेगळे काढून अभ्यासले गेले आहेत. मातकट कडेला उभं राहून नीट बघत बसलात, तर शेकाट्या आपले लांब लालसर पाय उचलत चालताना दिसतील, टिबुकली बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येईल, आणि हिवाळ्यात नशीब असेल तर चक्रवाकांची भगवी जोडी.

जून 2020 मध्ये हे हिरवं पाणी गुलाबी झालं. देश घरात बंद होता आणि लोणारची छायाचित्रं फोनवरून घराघरांत पोचली. कोणी शकुन म्हणालं, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि उत्तर सापडलं: हॅलोआर्किया. अतिखाऱ्या पाण्यात राहणारे हे सूक्ष्म जीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. त्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, त्यांना सुगी आली. प्रयोगशाळेत नमुना तसाच ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी निवळ दिसू लागलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात राहणाऱ्यांचा होता. पावसाळा आला, पाणी वाढलं, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं.

पाण्याच्या काठाकाठानं दक्षिणेकडे चालत गेलं की कमळजा देवीचं देऊळ येतं. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि गावोगावचे लोक उतार उतरून येतात. देवळाजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. सरोवर भरलं की ती पाण्याखाली जाते, पाणी हटलं की पुन्हा वर येते. जिथे गोड झऱ्यांचं पाणी सोड्याच्या पाण्याला काठाकाठाशी भेटतं, तिथे अशी विहीर असणं भूगर्भशास्त्राला अजिबात अडचणीचं नाही. सासू-सुनेचं नाव तिला कोणी दिलं असेल, त्या बाईला मात्र दाद द्यावीशी वाटते.

देवळाच्या ओट्यावर बसून पाण्याकडे बघताना एक गोष्ट मनात धरावी. समोर दिसणारं पाणी उथळ आहे, काही मीटरच खोल. पण त्याखाली शंभरेक मीटर गाळ आहे आणि त्याच्याही खाली आघातात चुराडा झालेला पाषाण. विवर पडलं त्या दिवशी ते आजच्यापेक्षा कितीतरी खोल होतं. पावसानं भिंतींवरची माती आणून आणून ते भरत आणलं आहे. आणि हा गाळ म्हणजे दख्खनच्या पावसाची रोजनिशी आहे. बाहेर वाहून जायला वाट नसल्यामुळे इथे जे पडलं ते इथेच राहिलं, थरावर थर. शास्त्रज्ञांनी तळातून दहा मीटर लांबीचा गाळाचा खांब काढला. त्यात जवळपास अकरा हजार वर्षं सामावली होती. काही थरांमध्ये गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक निघाले. ते पाणी फार आटून दाट झाल्याखेरीज बनत नाहीत. म्हणजे ते थर दीर्घ दुष्काळाचे. असा एक दुष्काळी कालखंड सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा निघाला. सिंधू खोऱ्यातली मोठमोठी नगरं ओस पडू लागली, ती याच कालखंडाच्या अखेरीस. दुसरा, थांबून थांबून चाललेला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून सहाशे वर्षांपूर्वीपर्यंतचा. मराठी मुलखाच्या ज्या शतकांचा इतिहास आपण ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून वाचतो, त्या शतकांचा पाऊस या चिखलात लिहिलेला आहे.

म्हणूनच लोणारची काळजी वाटते. सरोवराला बाहेरची वाट नाही, हे त्याचं वैभव आणि तीच त्याची दुबळी बाजू. नदीत टाकलेली घाण निदान पुढे जाते. इथे जे जाईल ते कायमचं. काठावर गाव वाढलं, गावाचं सांडपाणी घळीतून खाली येऊ शकतं, भोवतालच्या शेतांतलं खत पावसाबरोबर उतरू शकतं, उतारावर वेडी बाभूळ माजते आणि मूळच्या झाडांना मागे रेटते. गोडं पाणी प्रमाणाबाहेर आत आलं तर सोड्याच्या पाण्यातली ती जगावेगळी सूक्ष्म वस्तीच पातळ होईल. 2000 पासून हे अभयारण्य आहे, तेव्हापासून आत धुणं, गुरं, शेती यांवर निर्बंध आले आणि झाडी सावरली, हे मानलं पाहिजे. पण राखण फक्त वनखात्यानं करायची, असं म्हणून भागणार नाही. आपण तिथे कसे वागतो, तेही त्या वाडग्यात साठतंच.

चढ चढून वर आल्यावर पाय उरले असतील तर काठावरून फेरी मारावी. पूर्ण वेढा सुमारे सहा किलोमीटरांचा होतो. पश्चिमेच्या अंगाला संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि सकाळी जवळून पाहिलेले थर दुरून, एका नजरेत, ओळीनं दिसतात. तिरपे कुठे आहेत, आडवे कुठून सुरू होतात, हे आता न सांगता कळतं. उत्तरेला थोड्या अंतरावर अंबर तळं नावाचा एक छोटा खोलगट भाग आहे. त्याच उल्केच्या तुकड्यानं तो झाला असावा, असं काही संशोधक मांडतात, काहींना ते मान्य नाही. शेजारीच मोठ्या मारुतीचं देऊळ आहे, आडव्या निजलेल्या मूर्तीचं. तिथेही पाय वळवावेत.

जायचं तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत जा आणि एक रात्र लोणारमध्येच मुक्काम करा. छत्रपती संभाजीनगरहून गाडीनं तीन-चार तास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन करायला गेलात, तर खाली उतरणं हमखास राहून जातं. सकाळी उजाडताच उतरायला लागा, पिण्याचं पाणी बरोबर घ्या, बुटांचे तळवे पकड धरणारे असू द्या, एखादा स्थानिक वाटाड्या घ्या आणि अंधारापूर्वी वर या. साबण, शाम्पू खाली नेऊ नका. आणि काठावरचा एकही दगड आठवण म्हणून उचलू नका. लोणारमध्ये दगड काय आहे याइतकंच तो कुठे पडला आहे, हे महत्त्वाचं असतं. जागेवरून हलला की तो नुसता काळा दगड उरतो, आणि त्याची जागा परत कोणालाच सांगता येत नाही.